वाघजाईच्या गाडीचा काटा

"खाली काय शोधतीयास? काटा वर हाय, डॅशबोर्डात!" आबा ओरडले.

मी ट्रकखाली उताणी पडले होते. हौद्याच्या मागच्या हुकाला लुगड्याची झोळी बांधली होती आणि तिच्यात माझी मुक्ता झोपली होती. पाचवा महिना नुकताच लागला होता तिला. झोळीची दोरी मी पायाच्या अंगठ्यात अडकवली होती. पाय हलला की झोळी हलायची आणि माझे दोन्ही हात मोकळे राहायचे.

"हळू बोला आबा, उठंल ती."

"आता माझ्याच अंगणात मी कुजबुजू व्हय?" आबा म्हणाले, पण कुजबुजूनच.

आमचा ट्रक म्हणजे लांब नाकाची जुनी गाडी. इंजिन पुढे, घोड्याच्या तोंडासारखं बाहेर आलेलं. असल्या गाड्या आता लग्नातल्या फोटोपुरत्या उरल्यात. आमची मात्र वर्षातून एकदा लांबचा पल्ला मारायची, आणि तोही साध्यासुध्या कामासाठी नाही. वाघजाई आईला माहेरी न्यायला.

आमचं गाव मूळ इथलं नाही. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा डोंगरातलं गाव उठलं आणि या माळावर येऊन बसलं. त्या वेळी देवी याच गाडीतून आली. गाडी होती ठेकेदाराची, ड्रायव्हर माझे आजोबा. टाकीत तेल नव्हतं म्हणून घराघरानं आपापल्या घरातलं रॉकेल ओतलं, असं सांगतात. पुढे आजोबांनी तीच गाडी लिलावात घेतली. तेव्हापासून दर चैत्रात, पाणी ओसरून बुडालेल्या देवळाची दीपमाळ वर आली की देवी गाडीत बसते, काठावर जाऊन आपलं जुनं घर बघते, ओटी भरून घेते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. या वाटेला पंपावर भरलेलं डिझेल चालत नाही. आदल्या दिवशी टाकी कोरडी करायची आणि निघताना घरटी एक चरवी तेल, म्हणजे आता डिझेलच, ओतायचं. दिलेलं मोजायचं नाही. टाकीत काठी घालून बघायचं नाही. देवीला दिलेल्याचा हिशोब करणारा करंटा, असं म्हणतात आमच्यात.

इतकी वर्षं हिशोब न करता भागलं होतं. आदल्या वर्षी भागलं नाही. ऐन घाटात गाडी बंद पडली. तेल संपलं, पाइपात हवा धरली, आणि देवी रस्त्याच्या कडेला उन्हात बसून राहिली. शेवटी यशवंतबापूंच्या पुतण्याच्या, नवनाथच्या, कोऱ्या पिकअपमधून तिला पुढे न्यावं लागलं. बापू म्हणजे गावचे मोठे पंच. बैठकीत ठरलं, यंदा धोंडिराम शेलारची गाडी पुढं आणि मागनं नवनाथची पिकअप रिकामी. पुढची थांबली तर मान कायमचा मागच्या गाडीला.

धोंडिराम शेलार म्हणजे आमचे आबा. घाटातल्या त्या दिवसानंतर आबांनी गाडीचा हॉर्न वाजवला नव्हता. रोज पुसायचे, पाणी बघायचे, आणि मुकाट्यानं दार लावून घ्यायचे.

सगळं खापर काट्यावर फुटलं होतं. तेलाचा काटा कैक वर्षं 'भरलेली' दाखवत उभा होता. टाकी कोरडी असो नाहीतर तुडुंब, तो आपला उजवीकडे, तोऱ्यात. तालुक्याच्या मेकॅनिकनं मीटर बदलला, टाकीतला फ्लोट बदलला. काटा पुन्हा जागच्या जागी.

मी माहेरी आले होते ती यात्रेसाठी. लग्नाआधी आयटीआय करून मी विट्याला जळालेल्या विजेच्या मोटारी नव्या तारेनं भरायच्या दुकानात काम केलं होतं. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून बोटांना घट्टे पडलेले. लग्न झालं, मुक्ता झाली आणि घट्टे मऊ पडले. काटा बघते म्हटल्यावर आबा म्हणाले होते, "पोरगी पाज आधी." मी म्हटलं, "पाजून झाली. आता ती उठंस्तोवर वेळ माझा."

"आबा, वर बसा आणि चावी द्या," मी खालून म्हटलं. "मी तार काढती. काटा काय करतोय तेवढं सांगा."

टाकीवरची तार सोडवून मी चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, उघड्या लोखंडाला टेकवली.

"आगं! पडला की!" आबांचा आवाज चिरकला. "सपशेल डावीकडं!"

"म्हणजे मीटर चांगला हाय. तारबी चांगली हाय."

"मग?"

"मग फ्लोट बघू."

मुक्तानं एक सुस्कारा टाकला. मी अंगठा हलवला, झोळी झुलली, पुन्हा शांत. टाकीवरची चकती खोलून मी फ्लोट बाहेर काढला. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात ना, तसा हा टाकीतला भोपळा. पितळी, पोकळ, एका दांडीच्या टोकाला. तेल चढलं की तो चढतो, उतरलं की उतरतो आणि दांडीच्या मुळाशी असलेली पत्ती वर खबर पाठवते. चकती चासीवर धरून मी भोपळा बोटानं वर उचलला.

"चढतोय! उजे, चढतोय!" आबा वरून. मी खाली केला. "उतरतोय!"

झालं तर मग. मी सगळं जिथल्या तिथं बसवलं आणि विचारलं, "आता?"

वरून काचेवर टिचकी वाजली.

"आबा?"

"भरलेली," आबा म्हणाले. "टाकीत चरवीभर तेल न्हाई आन् म्हणतोय भरलेली. लई निर्लज्ज हाय."

हातात नीट चालतो आणि टाकीत बसला की नाटकं करतो. मी तशीच पडून टाकीकडे बघत राहिले. मुक्ता उठली. तिला घेऊन टाकीशेजारीच मांडी घातली, पदराखाली घेतलं आणि बघत राहिले. पाजताना डोकं जरा शांत चालतं, हे मला तेव्हाच कळायला लागलं होतं. टाकीवर रंगाचे थर होते. दर यात्रेला एक, आबांच्या हातचा, तेलरंगाचा. टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांच्या खालून काहीतरी काळं, केसाळ डोकावत होतं.

"आबा, हे काय घातलंय मधी?"

"घोंगडं हाय. तुझ्या आज्याचं." आबा जवळ येऊन उकिडवे बसले. "टाकी खडाखडा वाजायची. वर आई बसलेली आन् तिच्या खाली ह्यो दणदणाट. मग म्या घोंगडं कापलं. खाली घातलं, पट्ट्यांखाली घातलं. तवापासनं बघ, चूं न्हाई."

"आणि तेलाचा पाइप?"

"त्योबी लोखंडी होता, हादरायचा. रबराचा केला."

मला हसू यायला लागलं. मुक्ताच्या तोंडचं सुटलं आणि ती कुरकुरली.

"दात काय काढतीस?"

"आबा, काट्याला वर जायला एक तार आणि परत यायला गाडीचं लोखंड लागतं. तुम्ही टाकीला गादीवर निजवलीय. खाली घोंगडं, वर रंग, पाइप रबरी. लोखंडाला लोखंड कुठं लागतच न्हाई. काट्याला परतीची वाटच न्हाई, म्हणून बिचारा तिथंच हुबा राहतोय."

आबांनी टाकीवर हात ठेवला. पट्टीखालचं घोंगडं चाचपलं. मग म्हणाले, "घोंगडं काढायचं न्हाई."

"कोण काढतंय?"

चकतीच्या कडेचा रंग मी बोटभर खरवडला, चासीवरचा बोटभर खरवडला. दोन्हीमध्ये एक जाड तार आवळली. मुक्ता आबांच्या मांडीवर होती. त्यांनी तिला घेऊनच चावी फिरवली.

काटा उजवीकडून निघाला आणि सावकाश, म्हाताऱ्या माणसानं पायरी उतरावी तसा, डावीकडे येऊन बसला.

आबांनी मुक्ताची मूठ काचेवर टेकवली. "बघ," तिला म्हणाले, "खरं बोलाय लागला."

यात्रेच्या सकाळी सगळं गाव देवळापुढे जमलं. देवी हौद्यात बसली. नवनाथची पिकअप मागे उभी, हार घालून तयार. मी गाडीत आबांच्या शेजारी, मुक्ता मांडीवर. टाकीपाशी लक्ष्मण गुरव नरसाळं धरून. एकेक चरवी आली की तो मोठ्यानं विचारायचा, "कुणाची?"

"सपकाळाची!"

"कुणाची?"

"कदमाची!"

चरवीमागं चरवी पडत होती आणि काटा मुंगीच्या पावलानं सरकत होता. मला इतकं बरं वाटत होतं की मी दर चरवीला मुक्ताच्या गालाचा मुका घेत होते. मग गुरवाचा आवाज थांबला.

"झाली का?" आबांनी विचारलं.

"झाली. सगळी घरं झाली."

आबांनी काट्याकडे बघितलं. मी बघितलं. अर्ध्याच्या खूप अलीकडे थांबला होता. जाऊन यायला अर्धी टाकी लागते, हे आबांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

यशवंतबापू पायरीवर चढून आत डोकावले. "काय म्हणतोय काटा?"

"बापू, मोजायचं न्हाई असा नेम हाय!" खालून कुणीतरी ओरडलं.

"म्या काठी घातली का?" आबा म्हणाले. "त्यो आपणहून बोलतोय. त्याचं तोंड बांधू?"

"बरं, पुरतंय का सांग."

आबांना गप्प बसता आलं असतं. मागल्या वर्षीसारखं देवीवर हवाला ठेवून निघता आलं असतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. स्टिअरिंगवर घट्ट झाला होता.

"जायला पुरंल," आबा म्हणाले. "यायला न्हाई."

 मग गुरवच हळू म्हणाला, "घरंच कमी झाली. निम्म्या दारांस्नी कुलपं हायती. पोरं मुंबई-पुण्याला."

म्हणजे गेल्या वर्षी गाडी म्हातारी झाली नव्हती आणि आबांचीही काही चूक नव्हती. चरव्याच कमी पडल्या होत्या. पण कुणी मोजत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. ते कळलं तेव्हा खाली उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"मी देतो की अजून एक," एक जण म्हणाला.

"न्हाई," बापू म्हणाले. "घरटी एकच. आज तू दोन वतणार, उद्या दुसरा चार वतणार. मग ज्याच्या दारात टँकर त्याची देवी. हे चालायचं न्हाई."

आबांनी मान हलवली. बापूंचं खरंच होतं.

मागे पिकअप सुरू झाली. "आपली टाकी फुल्ल हाय, काका!" नवनाथ खिडकीतून म्हणाला. वाईट पोरगा नव्हता तो. त्याला खरोखर मदत करतोय असंच वाटत होतं.

आबांनी चावी काढायला हात पुढे केला.

"ए धोंड्या, थांब!"

धोंड्या म्हणणारं माणूस गावात एकच उरलं होतं. अंजिरा आत्या. आबांची थोरली बहीण. आटपाडीकडे दिलेली, यात्रेला न चुकता येणारी. हातात चरवी घेऊन ती गर्दीतून वाट काढत आली. चरवी हिंदकळत होती, लुगड्यावर तेलाचे डाग पडले होते.

"माझी वत," ती गुरवाला म्हणाली.

"आत्याबाय, तुमचं घर आटपाडीला."

"व्हय का? मग मी जन्माला कुठं आले? तिकडं, पाण्याखाली. ह्यो नवनाथ कुठं जन्मला? तालुक्याच्या दवाखान्यात. पाणी आलं तवा मी परकरात होते. पाण्यानं इचारलं न्हाई, ही लेक हाय, उद्या जाणार, हिचं घर बुडवाय नगं. तुमचं बुडवलं तसंच माझंबी बुडवलं." आत्यानं दम घेतला. "आन् आई निघालीय कुठं? माहेराला ना? मग माहेरवाशिणीची चरवी का चालत न्हाई रं?"

"आत्या, आज लेकीचं तेल घेतलं तर उद्या जावई मानाचा फेटा मागाय येतील," बापू म्हणाले. लोक हसले. बापूही हसले.

"जावयाला काय म्हणून फेटा? तेल माझं हाय."

गुरवानं बापूंकडे बघितलं. बापूंनी हौद्यातल्या देवीकडे बघितलं, मग आबांकडे. "धोंडिराम, गाडी तुझी. तू बोल."

आबा दार उघडून खाली उतरले. आत्याच्या हातातली चरवी घेतली आणि नरसाळ्यापाशी स्वतः धरली. गुरवाला म्हणाले, "इचार."

गुरवानं घसा साफ केला. "कुणाची?"

"अंजिरेची!" आत्या अशी ओरडली की देवळावरची पाखरं उडाली.

त्यानंतर जी धांदल उडाली ती सांगता येणार नाही. यात्रेला आलेल्या लेकी आपापल्या नवऱ्यांच्या ट्रॅक्टरकडे धावल्या. नळ्या निघाल्या, चरव्या भरायला लागल्या. "आगं, मला परत जायचंय त्याच्यावर!" "चालत जावा, पोट कमी हुईल." कुणी सासूबरोबर आलेली, तर सासूच नळी धरून उभी. गुरव विचारत होता आणि नावं येत होती. आडनावं नाहीत. सुमनची. कांताची. पारूची. लग्नात बदललेली नावं टाकून कितीतरी जणी पाळण्यातलं नाव सांगत होत्या आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, "ही बघ, ही आपल्या गंगूची." मी आतून ओरडत होते, "चढतोय! अजून!" मुक्ता त्या गलक्यानं खिदळत होती.

काटा अर्ध्याच्या अगदी जवळ आला आणि थांबला. खिडकीत माझा नवरा. तो डिझेल रिक्षा चालवतो. पहाटेच निघून आला होता. हातात भरलेली चरवी.

"रिक्षा कोरडी केली," तो म्हणाला. "जा, वत."

मी मुक्ताला काखेत घेऊन उतरले.

"कुणाची?" गुरवानं विचारलं.

माझं नाव ओठांवर होतं. पण काखेतल्या पोरीनं चरवीची कडी मुठीत धरली होती आणि सोडत नव्हती.

"मुक्ताची," मी म्हटलं.

"तिला अजून दात न्हाईत!" कुणीतरी म्हणालं.

"तेल प्यायचं न्हाई तिला, द्यायचंय," आबा म्हणाले आणि नरसाळं धरलं.

आबांनी आत जाऊन काटा बघितला. अर्ध्यावर आला होता. हॉर्नवर तळहात ठेवला आणि दाबला. वर्षभराचा साठलेला हॉर्न. देवळापुढच्या गाईंनी दावी ताणली.

घाटाच्या चढाला काटा एकाएकी डावीकडे कलला. आबांनी गिअर उतरवला. "उजे, पडला."

"चढ हाय, आबा. तेल मागं सरलं. माथ्यावर येईल परत."

"नक्की?"

"नक्की."

माथा आला, गाडी सपाटीला लागली आणि काटा उठून बसला. आबा एवढंच म्हणाले, "हं." पण उरलेल्या सगळ्या वाटेत त्यांनी त्याच्याकडे मान वळवून बघितलं नाही.

काठावर आत्यानं आईची ओटी भरली. पाण्यातून दीपमाळ डोकं काढून होती. आम्ही दिवस मावळायच्या आत माळावर परत आलो. वाटेत कुठं थांबलो नाही. मागून रिकामी पिकअप आली. बापूंनी मानाचा फेटा आबांच्या डोक्याला बांधला तेव्हा आबांनी मान खाली केली नाही. ताठ ठेवली. बापूंनाच टाचा उंचवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर मुक्ताला घेऊन बसले होते. फाटकाशी इंजिनाचा आवाज आला. आबा चूळ भरत होते. त्यांनी वाकून बघितलं.

नवनाथ होता, पिकअप घेऊन. त्याच्यामागे कदमांचा ट्रॅक्टर. त्याच्याही मागे कुणाची तरी जीप.

"उज्ज्वलाताई हायत का?" नवनाथनं विचारलं. कालपर्यंत मी त्याला नुसती उजी होते. "उजवीकडचा इंडिकेटर लागंना झालाय. कंपनीत न्हेला तर चार दिस ठिवून घेत्यात. म्हटलं, ताई बघतील."

मी उठायला लागले. आबांनी हातानंच मला खाली बसवलं. डोक्यावर अजून कालचा फेटा होता. रात्री झोपतानाही काढला नसावा. ते फाटकाकडे गेले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले.

"रांगंत हुबा ऱ्हा," आबा म्हणाले. "आधी तिची पोरगी पाजून हुं दे."